डायरेक्ट करून द्या

दुकानात माल साठतो तसे आमच्याकडे किस्से साठतात. माल निदान विकला तरी जातो! महाडच्या बाजारपेठेत आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते आणि घरोघरी जाऊन फिटिंग करतो तो माझा दीर, संजय. गिऱ्हाईक मला 'वहिनी' म्हणतं आणि मनातलं सगळं ओतून मोकळं होतं. वायर हवी असते हातभर, गोष्ट असते गावभर.

ऐकून ऐकून मला एक कळलंय. माणसं घराला टाईल्स लावतील, छताला पीओपी करतील, गेटवर सिमेंटचे सिंह बसवतील. पण ज्या बोर्डातून सगळ्या घराची वीज जाते तो आजोबांच्या काळातलाच ठेवतील. एसी, गीझर, ओव्हन, सगळं त्याच्याच बोडक्यावर. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच.

नवा बोर्ड बसवला की त्यात एक जास्तीची डबी येते, ईएलसीबी. वीज वाट चुकून भिंतीत, भांड्यात किंवा माणसाच्या अंगात शिरायला लागली की ही डबी पडते आणि पुरवठा तोडते. म्हणजे माणूस वाचतो. आमच्याकडच्या पावसात भिंती ओल्या होतात, जुनी वायर कुठेतरी उघडी पडलेली असते, आणि डबी पडते. मग लोक चिडतात ते भिंतीवर नाही, वायरवर नाही. डबीवर! "तिला वगळा हो, डायरेक्ट करून द्या." म्हणजे वायर सरळ जोडायची आणि डबी नुसती शोभेला ठेवायची. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. ते शेवंताकाकूंमुळे. त्यांच्याकडे येतेच, पण आधी बाकीची मंडळी.

*

हिरकणीवाडीत एकाची पिठलं-भाकरीची टपरी होती. रायगडावर येणाऱ्यांची गर्दी वाढली, तसा त्याने फ्रीजर आणला, मग सरबताचं मशीन, मग इंडक्शन. फ्यूज सारखा उडायला लागला. संजयने सांगितलं की लोड वाढलाय, बोर्ड आणि केबल दोन्ही बदलायला हवं. तो म्हणाला, सीझन संपू दे. सीझन काही संपेना, म्हणून त्याने फ्यूजमध्ये सायकलचा स्पोक घातला.

स्पोक कशाला वितळतोय? त्याच्याऐवजी वायर पेटली, वायरीवरून ताडपत्री पेटली. सिलेंडर वेळेत ओढून काढला म्हणून माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी गडी दुकानात आला. डोळे लाल, कपड्यांना धुराचा वास. मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "सगळं जळलं वहिनी, पन फ्यूजला काय नाय झालं बघा."

*

महाडातल्या एका बंगल्यात बोर्ड बदलायचा होता. मालक रिटायर झालेले, प्रत्येक गोष्ट चारचौघांना विचारून करणारे. संजयने जिन्याजवळची कोरडी, हाताशी येणारी जागा दाखवली. मालकांनी वास्तुवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, वीज म्हणजे अग्नी आणि अग्नीची जागा आग्नेय. आग्नेय कोपऱ्यात निघालं न्हाणीघर.

संजय म्हणाला, अहो, तिथे शॉवर आहे. यावर बराच खल झाला आणि शेवटी शॉवर काढायचं ठरलं! संजय हत्यारं गोळा करून घरी आला. काम नंदूने केलं. नंदू म्हणजे आमच्याच दुकानातून माल नेणारा दुसरा वायरमन. हात सफाईदार, जीभ गोड, आणि 'नाही' हा शब्द त्याला आईबापांनी शिकवलेला नाही.

मालक परवा भेटले. मी विचारलं, बोर्ड कसा आहे? ते म्हणाले, "उत्तम. पाणी अंगावर जरा हळू घ्यायची सवय लावलीय सगळ्यांना."

*

आमच्या शेजारी कापडाचं दुकान आहे. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा शेठजींचा बोर्ड बुडाला. पाणी ओसरल्यावर त्यांनी भिंतीवरच्या गाळाची रेघ पाहिली आणि नवा बोर्ड त्याच्याही वर, पार आढ्याशी लावून घेतला. संजयने विचारलं, बंद करायला चढणार कसे? त्यासाठी शेठजींनी ॲल्युमिनियमची शिडी आणली. खालची सॉकेटं मात्र जिथल्या तिथे, गुडघ्याच्या उंचीवर राहिली. ती कुणाला दिसत नव्हती, शोकेसमागे होती.

पुढच्या पुरात शेठजी आणि त्यांचा मुलगा माळ्यावर अडकले. खाली पाणी सॉकेटांपर्यंत चढलेलं, दुकानातले दिवे झगझगीत चालू, आणि पाण्यात पाय घालायची कुणाची हिंमत नाही. गावचीच लाईट बंद झाली तेव्हा कुठे ते उतरले. मी म्हटलं, बोर्ड बंद का नाही केलात? शेठजी म्हणाले, "बोर्डाला थेंब लागला नाही हो. शिडी वाहून गेली."

*

शहाण्या माणसांचीही गोष्ट सांगते, म्हणजे मी नुसता कुचकटपणा करते असं व्हायला नको. चवदार तळ्यापासून जवळच जाधव मास्तर राहतात. मार्चमध्ये तळ्यावर माणसं लोटतात तेव्हा मास्तरांकडे गावोगावचे पाहुणे उतरतात. अंगणात मंडप, पंखे, पाण्याचा पंप, चार्जरांचा तर गुंता. एका वर्षी एक्स्टेन्शन बोर्ड जळून काळा झाला. मास्तरांनी पाहुणे जाताच सगळं घर उकललं. नवी वायर, नवा बोर्ड, अर्थिंग. माझ्या घरी आलेला माणूस धडधाकट परत गेला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या डबीवर टेस्टचं एक बटण असतं. ते दाबलं की डबी पडली पाहिजे. नाही पडली तर ती बिघडलेली. मास्तर महिन्याच्या महिन्याला, पगार झाल्यासारखं, ते बटण दाबतात. घर एकदम काळोखात जातं आणि मास्तर खूष होतात.

आळीत त्यांचं नाव झालंय 'घाबरट मास्तर'. शेजारी मला म्हणाला, "पैसे देऊन काळोख विकत घेणारा हा एकच माणूस बघितला." शेजाऱ्याच्या घरची डबी डायरेक्ट आहे. नंदूने करून दिलीय.

*

आता शेवंताकाकू. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याला त्यांचं घर. मुलगा महेश ठाण्याला, काकू गावी एकट्या. बीपीच्या गोळ्या घ्यायला महाडला यायच्या आणि परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत माझ्या दुकानात स्टुलावर बसायच्या. पिशवीतून कधी शिराळी, कधी आंबाडे काढून ठेवायच्या. नको म्हटलं तर रागवायच्या.

एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "फ्रीजला हात लावला का मुंग्या येतात गो बाय. मंग मी म्होरं पाट ठेवलाय. पाटावर उभी रायली का काय होत नाय."

मी हातातलं काम टाकलं. लग्नात मिळालेला सागवानी पाट, त्याच्यावर उभं राहून ही बाई रोज फ्रीज उघडत होती आणि मला गंमत म्हणून सांगत होती!

दुसऱ्या दिवशी संजय त्यांच्या घरी गेला. फ्रीज महेशचाच, जुना. मुंबईकराने नवा घेतला की जुना गावाला येतो, ती आमच्याकडची रीतच आहे. घराला अर्थिंगचा पत्ता नाही. संजयने महेशला फोन करून फ्रीज बंद ठेवायला आणि बोर्ड बदलायला सांगितलं. महेश म्हणाला, गणपतीला येतोच आहे, एसी पण बसवायचाय, तेव्हा बघू. पुढे एसीवाल्यानेच सांगितलं की या बोर्डावर एसी चालणार नाही. तेव्हा कुठे गणपतीच्या तोंडावर नवा बोर्ड बसला. आईच्या जिवासाठी नाही, एसीसाठी.

आणि ऐन आरतीत डबी पडली. वर केली, पुन्हा पडली. संजयने फोनवर सांगितलं, फ्रीजची पिन काढा, मग नाही पडणार. पण फ्रीजमध्ये पाहुण्यांचं आइस्क्रीम होतं. महेशने नंदूला बोलावलं. नंदू मोटरसायकलवरून आला, डायरेक्ट करून दिलं, दोन मोदक खाल्ले आणि गेला.

गणपती गेल्यावर संजय डबी पुन्हा जोडायला गेला तर काकूंनी त्याला चहा दिला आणि बोर्डाला हात लावू दिला नाही. महेश नको म्हणाला होता. त्यानंतर त्या दुकानात आल्या की मी तोच विषय काढायची. एकदा चांगलीच भांडले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पोराचा शब्द कसा मोडू गो? आनि पाट हाय ना."

*

आमच्याकडे गणपतीच्या मूर्तीसाठी आपल्या घरचा पाट आधीच कारखान्यात नेऊन द्यायचा असतो. मूर्ती त्याच्यावरच बसते. पुढच्या वर्षी श्रावण लागल्यावर काकूंनी देवाचा पाट माळ्यावरून काढला तर वाळवीने खाल्लेला. घरात धड असा दुसरा एकच पाट होता. त्यांनी तो घासला, धुतला, गोमूत्र शिंपडलं, देवाची माफी मागितली आणि कारखान्यात पोचवला. हे सगळं शेजारणीला सांगूनच केलं.

फ्रीजसमोर पाटाच्या जागी त्यांनी गोणपाट टाकलं. पावसाने जमीन घामेजली होती, गोणपाट ओलं झालं होतं. सकाळी शेजारीण विरजण मागायला आली, तेव्हा फ्रीजचं दार उघडं होतं आणि काकू खाली पडलेल्या होत्या.

मी आणि संजय गेलो. खांदा द्यायला नंदूही होता. त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या, आणि त्या कुणाकुणाला घालायच्या हे मला कळेना. स्टूल अजून दुकानात आहे. त्याच्यावर दुसरं कुणी बसलं की मला राग येतो.

*

तेरावं झाल्यावर महेश स्वतः दुकानात आला. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. म्हणाला, घर उकलायचंय. वायरिंग नवी, बोर्ड नवा, अर्थिंग, सगळं उत्तम प्रतीचं, किमतीचं बोलायचं नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी गिळलं. तो खोटा रडत नव्हता.

संजयने आठवडाभर खपून काम केलं. एवढं चांगलं काम त्याने स्वतःच्या घरातही केलेलं नाही. डबी जोडली, टेस्टचं बटण महेशच्याच बोटाने दाबून दाखवलं. जुना फ्रीज भंगारात गेला. त्या वर्षी त्या घरात गणपती आला नाही, म्हणून पाट कारखान्यातून रिकामाच परत आणला. महेशने त्याच्यावर काकूंचा मोठा फोटो ठेवला आणि फोटोला चोवीस तास जळणारी दिव्यांची माळ लावली.

ठाण्याला परत जाताना तो गाडी थांबवून दुकानात आला. स्टुलावर बसला. मी चहा मागवला. चहा संपवून तो उठला.

"वहिनी, संजयभाऊंना एकदा घरी पाठवा ना. भिंत ओली आहे, ती डबी सारखी पडते आणि आईच्या फोटोवरची माळ विझते. आई काळोखात बरी नाही वाटत हो. तेवढं जरा डायरेक्ट करून द्यायला सांगा."