शेवटची बांगडी

दिराच्या लग्नाआधी आम्हाला बांगड्या भरायला येरमाळ्याची एक म्हातारी अंगणात आली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कडुलिंबाखाली पोतं अंथरून ती बसली, माझा हात हातात घेतला आणि बोटं चोळचोळून मऊ केली. हिरवी शेवटची बांगडी हाडापाशी अडली, तसा तिच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. मला वाटलं, वयानं दम लागला असेल.

"लहान पडतीय का?"

"हात सैल सोडा, बाई. हलू नका."

बांगडी मनगटात उतरली. तिनं माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला, आणि मगच "या अल्ला!" म्हणून किंचाळली. पोत्याखाली जमिनीत गांधीलमाश्यांचं बीळ होतं. तिच्या घोट्याला माश्या लटकलेल्या बघून मी हबकलेच. तिला ओढत आम्ही घरात पळालो.

सुजलेल्या पायाला चुना लावताना मी विचारलं, "तवाच का उठला न्हाईत?"

"दचकले असते तर काच फुटून तुमच्या नसंत घुसली असती."

माझ्या हातातल्या बांगड्या एकाएकी वाजायला लागल्या. तिनं माझ्या थरथरत्या हाताकडं बघितलं.

"आता हलला तरी चालतंय," ती म्हणाली.