लॅपटॉपच्या पोटातल्या मंगलाष्टका

बहिणीच्या लग्नाची तारीख ठरली आणि नेमका नागपूरचा मामा बाथरूममध्ये घसरला. खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं पलंगावरून हलायले मनाई केली. आमच्या घरातल्या यच्चयावत लग्नांत मंगलाष्टका मामानंच म्हटलेल्या. तो आईचा धाकटा भाऊ. आईनं साफ सांगून टाकलं, "त्याचा आवाज नसन तर मी मांडवात पाय ठेवत नाही." आई एकदा बोलली की ब्रह्मदेवाचा बापही तिले हलवू शकत नाही.

हॉलमध्ये नेटवर्कचा भरवसा नव्हता, म्हणून मामाकडून व्हिडिओ कॉलवर आधीच म्हणवून घ्यायचं ठरलं. पहिल्यांदा मी लॅपटॉपच्या स्पीकरसमोर मोबाइल धरला. ऐकतो तर मामापेक्षा कूलरच सुरात, आणि दर 'सावधान'च्या आधी खालच्या भाजीवाल्याची आरोळी. डोकं फिरलं माझं. मग शोधून शोधून एक सोय सापडली: लॅपटॉप स्वतःचाच आवाज आतल्या आत रेकॉर्ड करतो. घरात कोणी ताट आपटो की भांडो, त्यात काही येत नाही. मामाले पुन्हा म्हणायले लावलं आणि फाइल पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिली. ऐकून कोण पाहते? लग्नघरात बसायले तरी फुरसत असते का कोणाले?

मुहूर्तावर अंतरपाट धरला. साऊंडवाल्या भैयानं बटन दाबलं. मामाचा आवाज असा खणखणीत निघाला की माझी छाती फुगली. आणि पहिल्या 'सावधान'च्या आधीच आवाज आला, टिंग.

कॉल चालू असताना कोणाचा तरी मेसेज आला होता. लॅपटॉपच्या पोटातून जे जे निघालं, ते सगळं त्यानं इमानदारीनं जपलं होतं. मुलाकडच्यांनी टिंगवरच अक्षता टाकल्या. नवरदेवाचे काका शेजाऱ्याले म्हणाले, "नागपुर में घंटी का रिवाज होगा." पुढच्या टिंगले तर आमच्याकडच्यांनीही टाकल्या.

तेवढ्यात मामा मध्येच थांबून म्हणाला, "पोरीले जरा डावीकडे घ्या, दिसून नाही राहिली." रेकॉर्डिंगच्या दिवशी तो कॅमेऱ्यात बहिणीले पाहून राहिला होता. पण मामाचा हुकूम तो हुकूम. बहीण डावीकडे सरकली. मग अंतरपाट सरकला, नवरदेव सरकला, गुरुजीही सरकले.

कसंबसं शेवटचं 'सावधान' झालं. हार वर उचलले, तर स्पीकर बोलला, "ताई, झालं ना बरोबर?"

मंगलाष्टका संपल्या तरी मी रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं. त्यात आईचं, माझं बोलणं नव्हतं, लॅपटॉपमधून निघालेलं फक्त मामाचं होतं. उचललेले हार तसेच वर राहिले. मग स्पीकर म्हणाला, "रडून काहून राहिली वो?"

शरमेनं जीव अर्धा झाला. मी साऊंडवाल्याकडे धावलो, तर आईनं माझा हात पकडला.

"मले यायचं होतं वो ताई," मामा म्हणाला.

साऱ्या पाहुण्यांसमोर आईनं त्या काळ्या खोक्याले उत्तर दिलं, "तू आलाच आहेस ना."

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते, पण कोणी हललं नाही.

"बरं," मामा म्हणाला. "पोरीले हसत पाठवजो."

"हो रे," आई म्हणाली, डोळे पुसले, आणि अंतरपाट तिनंच खाली ओढला.