मोठ्या काकांनी दिलेले अठरा मार्क

मोठे काका काल दुपारी गेले.

त्यांची एक चूक इथे लिहितेय. ती ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, म्हणून हिंमत करते.

माझी टाळू जन्मतः फाटलेली. लहानपणी ऑपरेशन झालं, तरी बोलताना हवा नाकातून जायची.

भूकंपात गावची शाळा पडल्यावर काका लातूरला आले आणि क्लासमध्ये गणित शिकवू लागले. शाळेत पोरं हसतील म्हणून मला पहिलीपर्यंत त्यांनीच घरी शिकवलं.

दर रविवारी बोलण्याची टेस्ट. वीस शब्द, वीस मार्क.

मला अठरा पडायचे.

नांदेडला सर्जन, स्पीच थेरपिस्ट मॅडम आणि दातांचे डॉक्टर एकत्र बसून पेशंट बघायचे. काकांची मार्कांची वही बघून सर्जन म्हणाले, "छान आहे की! दुसरं ऑपरेशन सध्या नको."

आई खूश. काकांनी वही परत मागून घेतली.

मग म्हणाले, "थांबा डॉक्टर. पेपर फुटलेला हाय."

"म्हणजे?"

"शब्द मीच काढले, तपासलेबी मीच. अन् हिचं बोलणं मला कळतंच की."

मॅडमनी दातांच्या डॉक्टरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. मला नवे शब्द वाचायला दिले.

वीसपैकी सात.

"हे मी 'मानी' लिहिलंय. काय होतं?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"पाटी," काका म्हणाले.

मी रडले. मार्क गेले म्हणून.

"तुझे न्हाई गेले बाई," काका म्हणाले. "माझे गेले."

मग नाकातून दुर्बीण घालून तपासलं. टाळू घशाच्या मागच्या बाजूला टेकतच नव्हती. तिघांनी मिळून ऑपरेशन ठरवलं. नंतर दोन वर्षं मॅडमची थेरपी.

घरी टेस्ट चालूच. पण आता क्लासला आलेली उदगीर, निलंग्याची नवी पोरं माझ्याकडे पाठ करून बसायची आणि ऐकू आलेलं लिहायची. महिनाभरात त्यांना मी कळायला लागले की काका बॅच बदलायचे.

"उठा रे. तुमचे कान फितूर झाले."

काल नातेवाइकांना फोन मीच केले. रडत होते, मध्येच थांबत होते.

कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

येते काका. नमस्कार करते.