लशीच्या खोक्यातला कागद

मंगळवारी धुळ्याला गेलो होतो. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे... लिहून टाकतो, म्हणजे जरा शांत वाटेल.

आमच्या मंडळींना दमा. मागच्या हिवाळ्यात फ्लू झाला आणि सहा दिवस नाकाला ऑक्सिजन. यंदा लस घ्या, स्वाइन फ्लूचीही त्यातच येते, असं डॉक्टर म्हणाले. ती तयार होती. पण ती माळकरी... नातीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा अंड्याच्या संशयाने तोंडाला लावत नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "काय शे त्यामा?"

आत जाऊन कंपाउंडरला विचारलं, लशीत काय असतं. "औषध आहे आबा, अजून काय असणार?" बरं, आधी कोणावर करून पाहिली? तर म्हणे, "तुमच्यावरच पाहतोय." सगळे हसले. खोक्यातला कागद मागितला, तर सातवी शिकलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार, असं तोंडावर बोलला... डॉक्टर घाईत. सेफ आहे, आजींना उगाच सांगत बसू नका, म्हणून त्यांनी विषय मिटवला.

अरे, टोचणार कुणाला? दंड कुणाचा? मी तिथलं रिकामं खोकं उचललं, कागद काढला आणि खालच्या मेडिकलमध्ये गेलो.

काउंटरवरच्या मुलीने गिऱ्हाईक थांबवून तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद समजावून सांगितला. विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मारतात, मग शुद्ध करतात. अंड्याचा अंश राहतो, अगदी किंचित. आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर करून पाहतात, आणि बनवलेला प्रत्येक लॉट तपासूनच कारखान्याबाहेर पडतो. हात दुखेल, ताप येईल, हेही सांगितलं. दोन मिनिटं लागली... दोन.

जिना चढू लागलो. अंड्याचं ऐकून ती नको म्हणाली तर? पुन्हा ती नळी, ती घरघर... ठरवलं, तसलं काही नाही म्हणून सांगायचं. आणि दारातच थबकलो. डॉक्टर तरी वेगळं काय म्हणत होते? आता राग माझाच मला आला.

सगळं सांगितलं. अंड्याचंही. तिने गळ्यातली माळ कपाळाला लावली. मग म्हणाली, "तुम्ही माले खरं सांगी दिन्हं. आते देवले मी सांगसू." उठली, आत गेली आणि दंड पुढे केला.

दोन दिवस हात दुखला, बाकी काही नाही. लस चांगलीच असेल हो... पण विचारणाऱ्याला हसता कशाला? त्या हसण्यापायी आम्ही तसेच घरी परतलो असतो, तर कोण जबाबदार असतं?

त्या मेडिकलवाल्या पोरीचं नाव विचारायचं राहून गेलं. तिने मला अडाणी समजलं नाही... तिचं भलं होवो.