पीळ बसल्यानंतरचे पाच तास

आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी, एका रविवारी सकाळी सात वाजता तो वाकत वाकत खोलीतून बाहेर आला आणि आईला म्हणाला, "पोटात दुखतंय." बायकोने त्याच्या बेंबीवर हिंग लावला. मी समोर चहा पीत होतो. त्याचा हात पोटावर नव्हता, बराच खाली होता. ते मी पाहिलं आणि पेपर तोंडासमोर धरला.

त्या दिवशी नोएडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या लेझीम पथकाचा सराव होता. पथक माझ्याकडे होतं, गणपती आठ दिवसांवर आले होते आणि मुलगा पहिल्या रांगेत होता. दिल्लीत वाढलेल्या पोरांना आपलं काहीतरी यावं, हा माझा हट्ट.

"बाबा, आज नको ना. बिल्कुल उभं राहवत नाहीये."

"चल, चार पावलं टाकलीस की गॅस सुटेल."

हॉलमध्ये तो दोनदा खाली बसला. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "लेझीम दिसली की यांची पोटं दुखतात, आणि मोदक दिसले की बरी होतात!" सगळे हसले. मीही हसलो. अकराच्या पुढे त्याला उलटी झाली. मी त्याला बाथरूममध्ये नेलं, तेव्हा त्याने आधी दाराची कडी लावली आणि मग पँट खाली केली. एका बाजूचा अंडकोश लाल होऊन सुजला होता आणि वर ओढला गेला होता.

"पोट नाही बाबा. हे दुखतंय."

"मग सकाळी का नाही बोललास?"

"आई होती ना समोर."

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरबाईंनी पडद्याआड त्याला तपासलं आणि मला विचारलं, "दर्द कब से है?"

"नौ-साढ़े नौ से," मी म्हणालो.

सात म्हटलं असतं तर, इतका वेळ काय करत होतात, असं त्यांनी विचारलं असतं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, पण बोलला नाही. मोठ्यांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, अंडकोशाला आत पीळ बसला असावा, रक्त पोचत नाहीये. सहा तासांच्या आत सोडवला तर वाचण्याची आशा चांगली, पुढे ती कमी होत जाते. "अभी टाइम है. पहले अल्ट्रासाउंड करा लेते हैं."

अल्ट्रासाउंडच्या खोलीबाहेर रांग होती. स्ट्रेचरवर मुलगा ओठ चावत पडला होता. सव्वाबारा वाजले होते. त्यांच्या हिशेबाने तीन तास हातात होते. खरं म्हणजे पाऊण तास. तरीही मी पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. त्या पाच मिनिटांची मला अजून भीती वाटते.

मग मी उठून डॉक्टरबाईंकडे परत गेलो. "मैडम, सात बजे से है. मैंने गलत बताया."

"आप बाप हैं या..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि सर्जनला फोन लावला. फोन कानाशी धरूनच विचारलं, "घर में और किसी को हुआ है ऐसा?"

बायको धावतपळत नुकतीच पोचली होती, माझ्या मागेच उभी होती.

"मुझे," मी म्हणालो. "इसी उम्र में."

नांदेडला वसतिगृहात मी दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडलो होतो. कुणाला सांगितलं नाही. दुखणं थांबलं, पण ती बाजू पुढे वाळत गेली. लग्नानंतर सहा वर्षं मूल होत नव्हतं. बायको तपासण्या करून घेत फिरली आणि मी दर वेळी ऑफिसचं काम पुढे केलं. तिला हे कधीच सांगितलं नाही. आणि त्या सकाळी मुलाचा हात कुठे आहे ते पाहिलं तेव्हाच मी ओळखलं होतं.

अल्ट्रासाउंड न करता त्याला सरळ ऑपरेशनला नेलं. बायको माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. "सहा वर्षं," एवढंच म्हणाली.

तासाभराने सर्जन बाहेर आले. अंडकोश काळा पडला होता, पीळ सोडवल्यावर थोडा रंग आला, म्हणून काढला नाही. पुन्हा पीळ बसू नये म्हणून दोन्ही बाजू टाके घालून पक्क्या केल्या होत्या. टिकेल की वाळेल, हे काही महिन्यांनी कळणार होतं.

पुढची तपासणी या गुरुवारी ठरली होती. काल, सोमवारी, त्याला क्लासला सोडायला निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबा, ती बाजू लहान झाल्यासारखी वाटतेय."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस. म्हटलं, तुम्ही घाबराल."

"घाबरलोच आहे," मी म्हणालो. "पण आत्ता जाऊ. आईला फोन लाव, तूच सांग तिला. जसं आहे तसं."

त्याने फोन लावला. मी गाडी हॉस्पिटलच्या दिशेने वळवली.