मागची जागा आणि दोन मागण्या

परवा धायरीला आमच्या गाळ्यांवर गेले होते आणि चक्क खूश होऊन परत आले. घरमालकिणीच्या नशिबात असं सहसा नसतं, म्हणून लिहितेय...

रस्त्याला लागून आमचे दोन गाळे आहेत, मी राहते खडकीला. एका गाळ्यात बापट काकांचं हार्डवेअरचं दुकान, वर्षानुवर्षं. दुसऱ्यात नसरीनताई, गेल्या दिवाळीनंतर आल्या. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको... हाताखाली तीन बायका.

भाडेकरूंच्या मागण्या म्हणजे मारुतीचं शेपूट. शटर दुरुस्त करून दिलं की रंग, रंग झाला की पुढे पत्रा... त्यातली काकांची मागणी सगळ्यात जुनी. गाळ्यांच्या मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे पाइप ठेवायला शेड बांधून द्या, उन्हाने पाइप वाकतात.

यंदा करार रिन्यू करताना मात्र काकांनी शेडचं नावच काढलं नाही. मलाच कसंतरी झालं. मी आपणहून म्हटलं, काका, या वेळी शेड नक्की. त्यावर ते नुसतं "बघू" म्हणाले. काकांचं "बघू" म्हणजे इतरांचं "धन्यवाद", असं समजून मी निघाले.

जाता जाता नसरीनताईंकडे डोकावले आणि सगळ्यांसाठी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. चौघींनीही नको म्हटलं... अगदी हसून, पण ठामपणे. मी म्हटलं, उपास असेल. नसरीनताईंचा आणि त्यांच्या हाताखालच्या सुनीताचा उपास एकाच दिवशी कसा, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही!

पुढच्याच आठवड्यात नसरीनताई खडकीला घरी आल्या. एवढ्या लांब कशाला आलात, मेसेज करायचा, असं म्हटलं, तर म्हणाल्या, "असलं मोबाइलवर लिहायला बरं वाटेना, ताई."

गाळ्यांना टॉयलेट नाही. काका राहतात मागच्याच गल्लीत, त्यांचं कधी अडलं नाही. या चौघींना रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जावं लागतं आणि तिथे निम्म्या वेळा कुलूप. म्हणून त्या सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाहीत... चहा तर लांबच.

त्यात सुनीताला इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, म्हणून ती काम सोडायला निघाली होती. आणि तिच्या एकटीच्या पगारावर तिचं घर चालतं.

"तिला घरी बस म्हणू, की पाणी पिऊ नको म्हणू? तुम्हीच सांगा, ताई."

एवढंच बोलल्या. गाळा सोडण्याची धमकी नाही, रडगाणं नाही. मागणी कशी मांडावी, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

प्लंबरला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, ड्रेनेजची लाइन मागून जाते, टॉयलेट होईल तर तिथेच... आणि मग शेडला जागा उरणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. काकांना इतक्या वर्षांनी कबूल केलेली शेड, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

मनाशी भाषण तयार करून काकांच्या दुकानात शिरले. "काका, त्या शेडचं जरा..." इतकंच झालं.

"टॉयलेट बांधताय ना? बांधा." काका पावती फाडता फाडता म्हणाले. "गाडी नसताना पेट्रोल पंपावर कोण कशाला जातं, एवढं कळतं मला. तिथे कुलूप असलं की तशाच परत येतात."

मग म्हणाले, "अहो, पुरुषमाणसाने हा विषय काढायचा कसा? ती जागा मोकळी ठेवणं, एवढंच माझ्या हातात होतं." म्हणून शेडचा विषय बंद केला होता तर... आणि मला वाटलं, विसरले!

पाइपचं काय, असं विचारलं, तर उत्तर तयार. "पाइप वाकला तर कंपनी बदलून देते. किडनीला वॉरंटी नसते."

महिन्याभरात टॉयलेट झालं. नळ आणि बेसिन काकांनी स्वतःच्या दुकानातून दिलं, वर दाराशी पाटीही लावली. 'किल्ली खिळ्याला परत अडकवावी. खिळा त्यासाठीच ठोकला आहे.'

काका आणि नसरीनताई, दोघांचे आभार इथेच मानतेय. समोर मानले असते तर काका म्हणाले असते, आभार ठेवायला शेड नाही...

परवा मी पुन्हा सगळ्यांसाठी चहा मागवला. या वेळी चौघींनी घेतला. सुनीताच्या मशीनशेजारी पाण्याची भलीमोठी बाटली होती, अर्ध्याहून जास्त रिकामी. आणि चहा संपल्यावर तिने जरा लाजतच विचारलं, "ताई, अजून अर्धा कप मिळेल का?"

आजवर भाडेकरूंनी माझ्याकडे खूप काही मागितलं... पण इतकं गोड कुणीच मागितलं नव्हतं.