यादी लागल्यावर टाकलेले पत्र

आभाराचे पत्र आठवड्याच्या आत पोहोचावे, असे मी पुढे अनेक वर्षे वर्गात शिकवले. माझे स्वतःचे पहिले आभारपत्र मात्र महिनाभर उशिरा गेले.

ऐंशी साल उजाडायला एक-दोन वर्षे होती. सिहोऱ्याजवळच्या तलावावर जाळे टाकणाऱ्या घरातली मी मुलगी. भंडाऱ्याच्या अध्यापक विद्यालयात प्रवेशाच्या मुलाखतीला गेले. समोर तीन परीक्षक होते. पहिल्या दोघांच्या प्रश्नांची उत्तरे मला येत होती. पण ती पुस्तकातल्या मराठीत जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न येई. तिसऱ्या परीक्षक, एक प्रौढ बाई, माझा अर्ज वाचत होत्या. त्यांनी फाईलची नाडी सोडून माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "जाळ्याची गाठ मला शिकव. घरी बोलतेस तशीच बोल."

"दोरा आंगठ्याखाली दाबून ठेवा, बाई. सोडला का गाठ घसरते."

बाईंची पहिली गाठ घसरली, दुसरी बसली. उरलेल्या दोघांनीही नाडी मागून घेतली. मी बाहेर पडले तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी अंतर्देशीय पत्र लिहिले. मायना, मजकूर, समाप्ती, सारे शाळेत शिकवले तसे. बाबा मासोळी घेऊन तुमसरच्या बाजाराला निघाले होते. पत्र पेटीत टाकायला त्यांच्या हाती दिले. त्यानंतर मी रोज हिशेब करी: आज पत्र पोहोचले असेल, आज बाईंनी वाचले असेल. यादीवर सही करताना ते त्यांच्या टेबलावर असावे, अशीही एक आशा मनात होती. ती मी कोणाला सांगितली नाही. जागा मिळाली नाही तर मामा सुचवत होते ते स्थळ पाहायचे, एवढे घरात ठरलेले होते.

यादी लागली त्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले. फलकापुढे मुलींची दाटी होती. मी वरून वाचत खाली आले आणि खालून तिसऱ्या ओळीत थांबले. खात्रीसाठी गावाचे नावही वाचले. बाबांना अक्षरओळख नव्हती; मी त्यांचे बोट धरून त्या ओळीवर टेकवले. ते बोट त्यांनी बराच वेळ उचलले नाही.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून माझे पत्र काढले. घामाने त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"आता टाक," ते म्हणाले.

मी रागावले. टाकले काहून नाही, म्हणून तिथेच भांडले.

"वाटणीले बसलेल्या पंचाच्या घरी निकालाआधी मासोळी पाठवतो का आपण? चिट्ठी बी तेच होय."

तलावाची वाटणी ठरेपर्यंत पंचांच्या दारी काही न्यायचे नाही, ही आमची रीत मला ठाऊक होती. ती पत्रालाही लागू होते, हे मला सुचले नव्हते. मी मनात धरलेली आशा बाबांनी न वाचताच ओळखली होती. मी पत्र त्यांच्या हातातून घेतले.

ते बाईंच्या हातीच द्यावे म्हणून चौकशी केली, तर विद्यालयाचा शिपाई म्हणाला, बाई नागपूरला गेल्या आहेत. तेव्हा आम्ही टपाल कचेरीत गेलो. चिकटवलेली कड सोडवून जुन्या तारखेखाली मी नवी तारीख घातली आणि एक ओळ वाढवली: 'वडिलांनी यादी लागेपर्यंत थांबवले, म्हणून विलंब झाला.' पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकूनच मी हात बाहेर काढला.

विद्यालयाच्या पहिल्या दिवशी बाईंनी मला बोलावले. माझे पत्र त्यांच्या हातात होते.

"यादीआधी आलेली पत्रे मी उघडत नाही. हे उघडले. वडिलांना माझा नमस्कार सांग."

रविवारी मी धावतच घर गाठले आणि निरोप सांगितला. बाबा जाळे वाळत घालत होते. मी म्हटले, आता तरी बाईंना मासोळी पाठवू. त्यांनी विचारले, "तुये पेपर कोण तपासन?"

"त्याच."

"किती वर्षं?"

"दोन."

"मंग दोन वर्षं थांब," ते म्हणाले.

अंतिम निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने बाबा भंडाऱ्याला गेले. मांडीवर ओल्या फडक्याने झाकलेली टोपली होती.